शैक्षणिक कर्जाच्या वसुलीचा फोन आला, पण रक्कम मान्य नाही: आधी पुरावा कसा मागायचा

फोन बहुतेक वेळा वडिलांना येतो. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीवर, आणि इकडे तासगाव किंवा वाईकडच्या गावात वडील रानात. पलीकडून कुणीतरी म्हणतं, "काका, पोराच्या एज्युकेशन लोनचे सहा लाख ब्याऐंशी हजार थकलेत. संध्याकाळपर्यंत काहीतरी टाका, नाहीतर आमचा माणूस घरी येईल." आकडा ऐकूनच घाम फुटतो. कुणी घाबरून पाच-दहा हजार मोबाइलवरून पाठवून देतो, कुणी दोन शिव्या हासडून नंबर ब्लॉक करतो. दोन्ही करू नका. कर्ज खरंच आपलं आहे का, आकडा बरोबर आहे का, आणि मागणाऱ्याला तो मागायचा अधिकार आहे का, हे कागदावर मागवायचं. तोंडी भांडण कितीही जिंकलं तरी फाइलला लागत नाही.

आधी आपला वाद नेमका कसला ते ठरवा. "कर्ज माझं नाहीच" हा एक प्रकार. पाटील, जाधव, माने, शिंदे ही आडनावं गावोगाव आहेत. नाव आणि वडिलांचं नाव जुळलं की दुसऱ्याचं कर्ज आपल्या मोबाइलवर येऊन आदळतं. "कर्ज होतं, पण फिटलं" हा दुसरा. सगळ्यांत जास्त आढळतो तो तिसरा: "कर्ज आहे, पण एवढं कसं झालं?" पहिल्यात पॅन आणि सही तपासायची असते, दुसऱ्यात पावत्या आणि नो ड्यूज दाखला, तिसऱ्यात व्याजाचा हिशोब. पत्रात तिन्ही एकत्र कालवली की बँक सोप्या मुद्द्याला उत्तर देते आणि अवघड मुद्दा सोडून देते.

इंटरनेटवरचं तयार पत्र वापरू नका

'डेट व्हॅलिडेशन लेटर' म्हणून शोधलं की सुंदर नमुने मिळतात. ते अमेरिकेतले. तिथे १९७७ चा फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट आहे. त्यानुसार वसुली एजन्सीने पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत कर्जाचा तपशील लेखी द्यायचा, आणि कर्जदाराने तो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेतली तर पडताळणी पाठवेपर्यंत वसुली थांबवायची. मुलीने अमेरिकेत एमएस करताना तिथल्याच सावकार कंपनीचं कर्ज घेतलं असेल आणि तिथलीच एजन्सी मागे लागली असेल, तर ते पत्र इंग्रजीत, त्या तीस दिवसांच्या आत तिकडे पाठवा. पण कर्ज मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या शाखेतून घेतलं असेल, तर शिक्षण कुठेही झालेलं असो, नियम इथले. आपल्या शाखाधिकाऱ्याला अमेरिकन कलम लिहून पाठवलं की तो ते पत्र हसून बाजूला ठेवतो, आणि चूक त्याची नसते.

आपल्याकडे तसा एक कायदा नाही. हाताशी आहेत ते रिझर्व्ह बँकेचे नियम. त्यातला सगळ्यात कामाचा नियम २४ एप्रिल २००८ च्या वसुली एजंटांवरच्या परिपत्रकातला: कर्जदाराने तक्रार दिली असेल, तर तिचा अंतिम निकाल लागेपर्यंत बँकेने ते प्रकरण एजन्सीकडे पाठवू नये. अपवाद एकच, कर्जदार वारंवार खोट्या तक्रारी करतोय याचा बँकेकडे पुरावा असेल तर. नियमाची भाषा 'पाठवू नये' अशी आहे. प्रकरण आधीच एजन्सीकडे गेलं असेल, तर ते परत घ्या अशी मागणी आपल्याला स्वतः लिहावी लागते. म्हणून पत्र एजंटला नाही, बँकेला लिहायचं. एजंटला नुसती प्रत. एजंटकडे तुमची कर्जफाइल नसते. त्याच्याकडे असते ती नाव, मोबाइल नंबर आणि रक्कम लिहिलेली यादी. त्याच्याकडे पुरावा मागणं म्हणजे पोस्टमनला पत्राचा मजकूर विचारणं.

फोनवर काय बोलायचं

चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहा: तुमचं नाव आणि एजन्सी कोणती, कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेसाठी बोलताय, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे काय, बँकेचं अधिकारपत्र कधी पाठवता. शेजारी तारीख, वेळ आणि आलेला नंबर. मग एवढंच: "ही मागणी मला मान्य नाही. मी बँकेला लेखी कळवतोय. पुढचं लेखी बोलू." आपला पॅन, जन्मतारीख, पगार, कंपनीचं नाव यातलं काही सांगायचं नाही. खरा एजंट असेल तर ते बँकेकडे आहेच, आणि भामटा असेल तर त्याला तेच हवंय.

"पगार झाला की बघतो", "दिवाळीत भरतो" अशी वाक्यं तोंडातून सहज जातात. ती टाळा. फोन रेकॉर्ड होत असतो आणि पुढे तीच 'कबुली' म्हणून पुढे केली जाते.

घरी माणूस आला तर त्याच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र दोन्ही असायला हवं. दोन्हीचा फोटो काढून घ्या. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, शेजारीपाजारी आणि पाहुण्यांत बदनामी होईल असं वागायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय. पैसे द्यायची वेळ आली तरी एजंटच्या मोबाइल नंबरवर किंवा क्यूआर कोडवर नाही; शाखेत जाऊन, कर्जखात्यात, पावती घेऊन.

आणि एक सही. भेटीला आलेला माणूस जाताना म्हणतो, "काका, मी येऊन गेलो एवढीच सही करा, साहेबांना दाखवायला." वाचल्याशिवाय करू नका. खाली 'थकबाकी मान्य' अशी एक ओळ असू शकते. तिची किंमत काय, ते पुढे मुदतीच्या भागात येईल.

पत्र लिहिण्याआधी: सिबिल आणि घरची पिशवी

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही पत माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मुलाचा काढा आणि वडिलांचाही, कारण शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. त्यात पाहायचं ते असं: देणाऱ्या बँकेचं नाव, खातं कधी उघडलं, शेवटचा भरणा कधी, तुमची नोंद कर्जदार अशी आहे की जामीनदार अशी. शेवटच्या भरण्याची तारीख लाल पेनने लिहून ठेवा.

बँकेचं नाव ओळखीचं नसेल तर लगेच 'हे माझं नाही' म्हणू नका. आपल्या भागाला तर हे सांगायलाच नको. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. अलीकडे देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक त्याच वर्षी युनियन बँकेत. विलीनीकरणात शाखा हलते, खाते क्रमांक बदलतो, आणि बचत खात्यातून हप्ता कापण्याची जुनी सूचना कधीकधी तुटते. मग घरचे निर्धास्तपणे बचत खात्यात पैसे भरत राहतात आणि कर्जखातं शेजारी कोरडं पडून थकत जातं. 'भरलंय तरी थकलंय' म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा हे तपासावं.

दुसरं कारण खास आपल्याकडचं. हप्ता महिन्याचा, पण शेतकरी बाप भरतो उसाचं बिल जमा झाल्यावर, वर्षातून एकदा पन्नास-साठ हजार. त्याच्या मनात वर्षाचा हिशोब चुकता झालेला असतो. बँकेच्या पुस्तकात मात्र हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खातं, होतं, दंड लागत राहतो, आणि आलेले पन्नास हजार बहुतेक वेळा आधी व्याजात आणि आकारांत (शुल्कांत) जिरतात, मुद्दल तसंच. यात बँकेची लबाडी नाही, पण दंडाचे आकडे तपासण्यासारखे नक्कीच असतात.

घरची पिशवी उपसा: मंजुरीपत्र, कॉलेजच्या फीच्या पावत्या, पासबुकं, तहसीलदारांचे उत्पन्नाचे दाखले. कॉलेजच्या लेखा विभागाकडून मुलाच्या नावावर जमा झालेल्या फीचा उतारा मागवा. शैक्षणिक कर्जाचे पैसे सहसा थेट कॉलेजला जातात, त्यामुळे बँकेने पाठवले म्हणते ते चार वर्षांचे चार हप्ते कॉलेजच्या वहीत दिसलेच पाहिजेत. मुलाने दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं आणि तिसऱ्या वर्षाची रक्कम तरीही गेली, किंवा शिष्यवृत्ती आल्यावर कॉलेजने परत केलेले पैसे कर्जखात्यात जमाच झाले नाहीत, असल्या गोष्टी इथेच सापडतात.

पत्र

मराठीत लिहा, चालतं. एका पानात बसवा. नमुना असा:

प्रति, शाखाधिकारी, (बँक व शाखा). प्रत: बँकेचे तक्रार निवारण अधिकारी, (एजन्सीचे नाव).

विषय: आपण माझे म्हणून सांगत असलेले शैक्षणिक कर्ज खाते क्र. ....., मागणीस हरकत व कागदपत्रांची मागणी.

महोदय, दि. ..... रोजी ..... या क्रमांकावरून ..... एजन्सीच्या वतीने वरील खात्यापोटी रु. ..... ची मागणी करण्यात आली. ही मागणी मला मान्य नाही. (इथे एकच कारण, दोन ओळींत.) हे पत्र कोणत्याही कर्जाची, देण्याची किंवा रकमेची कबुली नाही.

कृपया पुढील गोष्टी लेखी द्याव्यात. १) मंजुरीपत्र आणि सह्यांसह कर्ज करार व जामीनपत्र यांच्या प्रती. २) वितरणाचा तपशील: तारीख, रक्कम, कोणत्या संस्थेच्या कोणत्या खात्यात. ३) पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा पूर्ण खाते उतारा, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ नुसार प्रमाणित. ४) व्याजदर कधी व किती बदलला याचा तक्ता, दंड व इतर आकार वेगळे दाखवून. ५) केंद्राच्या व्याज अनुदान योजनेखाली दावा केला का; केला असल्यास मिळालेली रक्कम व जमा तारीख. ६) खाते एनपीए झाल्याची तारीख. ७) एजन्सीचे अधिकारपत्र, कर्ज अन्य कंपनीस विकले असल्यास अभिहस्तांकनाचा (कर्ज हस्तांतराचा) दस्त व मला दिलेली सूचना.

ही तक्रार समजावी. तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये व पाठवले असल्यास परत घ्यावे. पुढील संपर्क लेखी करावा.

बस. 'आमची परिस्थिती हलाखीची आहे, पाऊस झाला नाही, मुलाला नोकरी नाही' हे इथे नको. ते खरं असेल, पण त्या ओळीचा अर्थ 'देणं आहे, जमत नाही' असा होतो. ती वेगळ्या अर्जात, सवलत मागताना लिहायची गोष्ट आहे.

'तक्रार' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. नुसती 'विनंती' लिहिली की शाखा तिला तक्रार म्हणून नोंदवत नाही आणि उत्तर द्यायचं तीस दिवसांचं घड्याळ सुरूच झालं नाही असं नंतर म्हणते.

पोच

पत्राच्या दोन प्रती घेऊन शाखेत जा. आवक टेबलावर एक द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि सही. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं म्हणाले तर "साहेब, शिक्का मारून द्या, मी थांबतो" म्हणा आणि खरंच थांबा. दुपारी जेवणाच्या वेळेला आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. शिक्का द्यायला नकार आला तर वाद न घालता पोस्टात जायचं. जुनी रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये सामावली आहे, त्यामुळे खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचपावती मागा. पावतीचा लगेच फोटो काढा. त्या कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते. हेच पत्र शाखेच्या आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या मेलवरही टाका.

शाखा दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या, व्यवस्थापकालाही एक प्रत देता येते. साताऱ्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, सांगलीची बँक ऑफ इंडिया. तो अधिकारी दुसऱ्या बँकेला हुकूम देऊ शकत नाही, पण त्याचा एक फोन शाखेला हलवतो.

उतारा आल्यावर काय पाहायचं

खरं काम इथे आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे शिक्षणाच्या काळात आणि परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याज लागतं. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. समजा ४ लाखांचं कर्ज, चार वर्षं दर जूनला १ लाख, दर १० टक्के. परतफेड सुरू होईपर्यंत पहिला लाख पाच वर्षं वापरात, म्हणजे व्याज ५०,०००. दुसरा चार वर्षं, ४०,०००. मग ३०,००० आणि २०,०००. एकूण व्याज १,४०,०००, आणि हप्ते सुरू होताना येणं ५,४०,०००. तेच व्याज दरमहा चक्रवाढीने लावलं तर सुमारे १,७०,३०० होतं. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच तीस हजारांची चूक, आणि पुढे त्या तीस हजारांवरही व्याज. वही-पेन घेऊन हा गुणाकार अर्ध्या तासात होतो. तुमच्या मंजुरीपत्रात वेगळी अट असेल, विशेषतः खासगी वित्त कंपनीच्या, तर अर्थातच ती लागू. म्हणून आधी मंजुरीपत्र वाचायचं.

यापेक्षा मोठी चूक अनुदानाची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. अटींत बसलं तर शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं पूर्ण व्याज सरकार भरतं. वरच्या उदाहरणात १,४०,००० च्या जागी शून्य. पण हा दावा विद्यार्थ्याने नाही, बँकेने करायचा असतो. घरच्यांनी तहसीलदारांचा दाखला दरवर्षी दिला आणि शाखेने दावाच पाठवला नाही, असं झालं की ते व्याज गुपचूप मुद्दलात जाऊन बसतं. दाखल्यांच्या प्रती आणि त्यावरची शाखेची पोच सापडली तर तुमची बाजू भक्कम. दाखला दिलाच नसेल तर इथे फार आशा ठेवू नका.

दंडाचं: रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने 'दंडव्याज' बंद केलं. दंड फक्त आकार म्हणून लावायचा, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुनी खाती त्यानंतर या पद्धतीवर आणली गेली. २०२४ च्या मध्यानंतरच्या नोंदींत 'पीनल इंटरेस्ट' दिसलं की त्या ओळीला गोल करा.

आणखी एक गैरसमज मोडून काढायला हवा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांना केंद्राचा हमी निधी असतो आणि कर्ज बुडीत गेलं की बँकेला त्यातून ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. तसंच सिबिलवर 'रिटन ऑफ' दिसतं. या दोन्हींचा अर्थ कर्ज माफ झालं असा नाही. बँकेने आपली वही साफ केली, एवढंच. तुमचं देणं तसंच राहतं.

मुदतीचा मुद्दा

मुदत कायद्याप्रमाणे अशा तारणाशिवायच्या कर्जासाठी बँकेला दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. ती संपण्याआधी कर्जदाराने लेखी आणि सहीनिशी देणं मान्य केलं, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मुदतीत थोडी रक्कम भरली आणि त्या भरण्याची सहीची नोंद झाली, तरी तेच. म्हणून तर दर दोन-तीन वर्षांनी बँक 'बॅलन्स कन्फर्मेशन'वर, म्हणजे शिल्लक देणं मान्य असल्याच्या कागदावर, सही मागते. "पाचशे रुपये टाका, केस थांबते" असं एजंट सांगतो तेव्हा केस थांबत नसते, नव्याने सुरू होत असते. मुदत उलटून गेल्यावरही 'भरतो' असं लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा बांधील करार होऊ शकतो.

बारकावा असा की रकमेवर भांडतानाही माणूस कबुली देऊन बसू शकतो. 'कर्ज घेतलंय, पण आकडा चूक आहे' ही ओळ कायद्याच्या नजरेत कबुली ठरू शकते, आकडा न लिहिताही. वरच्या नमुन्यात 'आपण माझे म्हणून सांगत असलेले खाते' असं आडवळणाने लिहिलंय ते यासाठी. शेवटचा भरणा अडीच-तीन वर्षांपूर्वीचा किंवा त्याहून जुना असेल, तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवाच. घर किंवा जमीन गहाण असेल तर मुदत बारा वर्षांची, आणि कोर्टाचा हुकूमनामा आधीच झाला असेल तर हा सगळा विषयच बदलतो.

पैसा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. साताऱ्यात आणि सांगलीत ते जिल्हा न्यायालयातच बसतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

उत्तर आलं नाही तर

तीस दिवस मोजा. उत्तर नाही, किंवा 'रक्कम बरोबर आहे, भरा' असं एका ओळीचं आलं, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करा. ऑनलाइन सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे, किंवा चंडीगडच्या केंद्रीय कार्यालयाला टपालाने. फी नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८. आधी बँकेला दिलेल्या पत्राची पोच जोडली नाही तर तक्रार पहिल्याच पायरीवर परत येते. सगळ्यात जास्त तक्रारी पडतात त्या इथेच. हाच वाद कोर्टात चालू असेल तर लोकपाल घेत नाही. दिवस घालवू नका, याला मुदत असते.

सरकारी बँक असेल तर सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. स्वतःच्या खात्याची कागदपत्रं मागायला हा रस्ता फार चांगला, कारण शाखेत 'फाइल सापडत नाही' म्हणणं सोपं असतं, जनमाहिती अधिकाऱ्याला ते लेखी द्यावं लागतं. खासगी बँकेला हा उपाय चालत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गाडी वेगळ्या रुळावर. तिथे लोकपाल नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्था वसुली दाखल्याचा अर्ज करते आणि तुम्हाला सुनावणीची नोटीस येते. 'एकशे एकची नोटीस' आली की त्या तारखेला हजर राहून वरचीच मागणी लेखी म्हणणं म्हणून द्या. घरी बसलात तर एकतर्फी दाखला निघतो, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि मग त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायला येण्याच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मल्टीस्टेट संस्था असेल तर निबंधकाऐवजी लवाद. बँकेचाच परवाना रद्द झाला असेल, जसा कराड जनता सहकारी बँकेचा डिसेंबर २०२० मध्ये झाला, तर कर्ज बँकेबरोबर बुडत नाही. पत्र अवसायकाच्या, म्हणजे बंद बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, नावाने लिहायचं.

लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरायचं कारण नाही. तिथे तडजोड सक्तीची नसते. पण झालेला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. उतारा हातात पडेपर्यंत 'निम्म्यात मिटवू' ऐकून सही करू नका; निम्मं कशाचं, तेच अजून ठरलेलं नसतं.

सिबिलची दुरुस्ती

चूक बँकेने मान्य केली तरी सिबिल आपोआप सुधारेल असं धरून बसू नका. पत माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवा आणि बँकेचं पत्र जवळ ठेवा. कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, बँकेला विचारते. बँकेला त्यासाठी २१ दिवस असतात, आणि सगळं मिळून ३० दिवसांत निपटलं नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. चारही कंपन्यांकडे चूक असेल तर चारही ठिकाणी वेगवेगळा वाद नोंदवावा लागतो. वडिलांच्या नावावरची नोंद मुलाच्या अर्जाने सुधारत नाही. त्यांचा अर्ज वेगळा.